ओम पुरी: एकच भूमिका सांगा, आणि का ते सांगा

तापीकाठचा (शिरपूर) | १८ ऑक्टोबर, रात्री ९:४२

राम राम मंडळी.

काल १७ ऑक्टोबर, स्मिता पाटलांचा जन्मदिवस. वडील शिवाजीराव गिरधर पाटील आमच्या शिरपूरचे. त्यामुळे जन्म पुण्याचा असला तरी आमच्या ओट्यावर ती गावचीच लेक. दरवर्षी या दिवशी तिचा एखादा पिक्चर लावायचा, हा माझा आणि धाकट्या भावाचा नेम. काल 'आक्रोश' लावला. बसलो तिच्यासाठी आणि उठलो ते ओम पुरी डोक्यात घेऊन.

आज १८, म्हणजे त्याचाही वाढदिवस. वाढदिवस म्हणजे धरलेला. शाळेत लागलेली तारीख ९ मार्च १९५०. आई मात्र सांगायची, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी जन्मलास. पुढे मुंबईत आल्यावर त्यानं आईचा दसरा प्रमाण मानून १८ ऑक्टोबर पक्की केली. आमच्या घरात आबा, मोठे काका आणि आत्या तिघंही १ जूनला जन्मलेत, गुरुजींच्या कृपेनं. त्यामुळे हा किस्सा मला फार घरचा वाटतो.

तर प्रश्न असा. ओम पुरीची तुमच्या डोक्यात रुतून बसलेली भूमिका कोणती? पडद्यावरची चालेल, नुसत्या आवाजाचीही चालेल. अट एकच: एकानं एक. आणि का, ते सांगायचं. पंचवीस सिनेमांची यादी डकवणाऱ्याकडून पातेलंभर शेवभाजी वसूल केली जाईल.

माझी 'आक्रोश'मधली, लहान्या भिकू. १९८०चा सिनेमा. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शक म्हणून गोविंद निहलानींचा पहिलाच. लहान्यावर बायकोच्या खुनाचा आरोप. बायको म्हणजे नागी, आमची स्मिता. सरकारनं दिलेला वकील भास्कर कुलकर्णी (नसीरुद्दीन शाह) जीव तोडून विचारतोय, आणि हा माणूस तोंड उघडत नाही. जवळजवळ सबंध सिनेमा. आजवर मी समजत होतो की तो गप्प आहे. काल भाऊ म्हणाला, "दादा, तो गप्प नाही, तो गिळतोय." परत मागे नेऊन पाहिलं. खरंच. प्रत्येक प्रश्नाला आतून काहीतरी घशापर्यंत येतं आणि तो ते परत खाली ढकलतो.

आणि मग शेवटी बापाच्या चितेपाशी जो आवाज निघतो तो. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी इथंच थांबतो.

---

भोंगेवाला (जळगाव) | रात्री ९:५१

रुमाल टाकून ठेवतो. माझा प्रतिसाद मोठा आहे आणि आत्ता एका साडी सेलचं रेकॉर्डिंग चालू आहे.

---

चाळीसगावकर | रात्री १०:०५

लहान्याला +१. एक जुनं दुखणं सांगतो. त्या वर्षी फिल्मफेअरनं नसीरला प्रमुख अभिनेत्याचं पारितोषिक दिलं आणि ओम पुरीला सहायकाचं. ज्याच्या मौनावर सगळा सिनेमा उभा, तो सहायक! बोललेल्या संवादांची पानं मोजली असणार.

अवांतर: त्यात अमरीश पुरी सरकारी वकील आहे, स्वतः आदिवासी समाजातून वर आलेला, आणि नाव दुसाने. आमच्या गल्लीत दुसान्यांची चार घरं. व्हिडिओ पार्लरमध्ये पहिल्यांदा पाहिला तेव्हा कोर्टात "दुसाने" म्हटलं की मागच्या बाकावरून कोणीतरी "ओ" द्यायचं. एवढ्या काळ्याकुट्ट सिनेमात आम्ही तेवढंच हसलो.

---

खाकीची_लेक (धुळे) | रात्री १०:३८

'अर्धसत्य'मधला फौजदार अनंत वेलणकर. दुसरं कोण असणार, माझं टोपणनाव बघा.

पप्पा शिपाई म्हणून भरती झाले आणि फौजदार होऊन निवृत्त झाले. ड्युटीवरून आले की आधी पट्टा सैल करायचे, टोपी खिळ्याला लावायची आणि मग दहा मिनिटं ओसरीवर नुसतं बसायचं. त्या दहा मिनिटांत त्यांच्याशी बोलायचं नाही, हा घरचा कायदा. मम्मी चहा ठेवून निघून जायची. आम्हा पोरांना वाटायचं पप्पा रागावलेत.

'अर्धसत्य' मी कॉलेजात असताना पाहिला आणि त्या दहा मिनिटांचा अर्थ कळला. वेलणकर रागीट म्हणून लोकांच्या लक्षात आहे. मला तो दमलेला म्हणून आठवतो. बापानं (पुन्हा अमरीश पुरी, तोही पोलिसातलाच) पोलिसात घातलेला, शिकायचं राहून गेलेला, वर साहेबांची आणि साहेबांच्या वर पुढाऱ्यांची मर्जी सांभाळणारा. त्याला रामा शेट्टीसमोर उभं राहावं लागतं, आणि आपले नगरचे सदाशिव अमरापूरकर समोर बनियनवर बसून शांतपणे बोलतात. पहिलाच हिंदी सिनेमा त्यांचा!

मला तर तो हिंदीत बोलणारा मराठी सिनेमाच वाटतो. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य', पटकथा तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे, कविता दिलीप चित्र्यांची. ती कविता! हॉटेलात ज्योत्स्नाच्या (स्मिता पाटील) पुस्तकातून तो सहज, थोडा थट्टेतच वाचायला लागतो. फौजदार आणि कविता, गंमतच की. आणि वाचता वाचता आवाज खाली उतरत जातो. तिसऱ्या-चौथ्या ओळीला त्याला कळतं की हे आपल्याबद्दलच लिहिलंय. चेहऱ्याच्या आधी आवाजाला कळतं. त्या एका वाचनासाठी मी त्याला राष्ट्रीय पुरस्कार दिला असता. (दिलाच म्हणा त्यांनी, १९८३च्या सिनेमांसाठीचा. 'आरोहण'नंतर लागोपाठ दुसरा. कार्लोव्ही व्हारीच्या चित्रपट महोत्सवातही अभिनयाचं पारितोषिक मिळालं.)

पप्पांना निवृत्तीनंतर दाखवला. शेवटपर्यंत बघितला, काही बोलले नाहीत. उठताना एवढंच म्हणाले, "खरा फौजदार असाच दमतो." आणि ओसरीवर जाऊन बसले.

---

जंक्शन (भुसावळ) | रात्री ११:१०

अरे काय रडवता राव सगळे! मले तर 'जाने भी दो यारों'मधला आहुजा बिल्डर. टुन्न होऊन रस्त्यात पडलेली शवपेटी बघतो, तिला मोटार समजतो, आतल्या मेलेल्या डिमेलोला विचारतो की गाडी बिघडली का, आणि तिला आपल्या गाडीला बांधून घेऊन जातो. समोरचा बोलत नाही म्हणून याला वाटतं हा पण प्यायलेला आहे. दारू प्यायलेला माणूस सगळ्यांना करता येतो. पण दारू प्यायलेला आणि तरी भारी सभ्यपणानं मदत करणारा माणूस? तसे फक्त आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये होते.

लक्षात घ्या, ज्या साली वेलणकर आला त्याच साली आहुजा आला. १९८३. एकच माणूस!

अन् 'लगान'च्या सुरुवातीला निवेदन करतो तो पण ओम पुरीच ना? काय आवाज!

---

चाळीसगावकर | रात्री ११:१४

नाही भो. 'लगान'ला अमिताभ बच्चन.

---

जंक्शन (भुसावळ) | रात्री ११:१६

बरं. गाडी चुकीच्या फलाटावर आली. माफी.

---

आबांची_नात (अमळनेर) | १९ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

निवेदनाचा विषय निघाला म्हणून माझं सांगते. माझी भूमिका म्हटली तर भूमिका नाहीच. 'भारत एक खोज'चा सांगणारा.

१९८८-८९. आमच्या आबांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते शेतात निघून जायचे. टीव्ही नवीन आलेला. सगळे 'महाभारत' बघायला जमायचे, आबा मात्र 'भारत एक खोज'ची वाट बघायचे. बाजेवर भिंतीला टेकून, डोळे मिटून. सुरुवातीचं ते ऋग्वेदातलं सूक्त वाजलं की म्हणायचे, "चूप बसा रे, सांगणारा येई ऱ्हायना."

५३ भाग. श्याम बेनेगलांनी नेहरूंच्या पुस्तकावरून केलेली मालिका, आणि ते पुस्तक लिहिलं गेलं नगरच्या किल्ल्यातल्या तुरुंगात. शाळेत हे कुणी सांगितलं नाही, मला आबांकडून कळलं आणि आबांना रेडिओवरून. नेहरू झाले होते रोशन सेठ. पण मालिका पुढे चालायची ती ओम पुरीच्या आवाजावर. भारदस्त म्हणावा तर कीर्तनकारासारखा चढा नाही, मास्तरसारखा कोरडाही नाही. पंगतीनंतर सुपारी कातरत एखादा शहाणा माणूस गावाची जुनी गोष्ट सांगतो, तसा.

घोटाळा असा व्हायचा की तोच माणूस मध्येच गोष्टीत शिरायचा. कधी अशोक, कधी अलाउद्दीन खिलजी, कधी दुर्योधन. शिवाजी महाराजांचे भाग लागले (महाराज झाले होते नसीरुद्दीन शाह) आणि आबा एकदम ताठ बसले. "आत्तेच ते हाऊ सांगी ऱ्हायंता ना? आते औरंगजेब कसा व्हयना?" आम्हाला दिसत होतं, दाढी वेगळी, कपडे वेगळे, म्हणून आम्ही फसलो होतो. आबांनी नुसत्या आवाजावर पकडलं.

त्या दिवसानंतर आबांचा एक खेळच झाला. कुठल्याही कार्यक्रमात ओळखायचे: "हाऊ सांगणारा शे." 'मिस्टर योगी'त सूत्रधार म्हणून आला तेव्हा मोहन गोखल्यांची एवढी धमाल चाललेली असताना आबा याच्याच पाठीमागे. 'कक्काजी कहिन'मध्ये तोंडात पान ठेवून बोलायचा, तरी ओळखला. 'तमस'चा नत्थू मात्र ओळखला नाही त्यांनी. डुकराच्या मागे धावून धापा टाकणारा, कर्जदारासारखा खाली बघून बोलणारा तो नत्थू. मी सांगितलं की हाच तो, तर म्हणाले, "नही. त्यानी मान वर राहास."

---

तापीकाठचा (शिरपूर) | सकाळी ८:०२

ताई, आबांना दंडवत. असा समीक्षक पेपरात नाही मिळत.

---

वखारवाला (चोपडा) | सकाळी ९:३०

माझं थोडक्यात. 'सद्गती'. सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेला, १९८१. प्रेमचंदांची कथा. दुखी चांभार मुहूर्त काढून घ्यायला ब्राह्मणाकडे जातो, तो याला उपाशीपोटी लाकूड फोडायला लावतो. ब्राह्मण आपले मोहन आगाशे. बायको परत स्मिता पाटील.

आमची लाकडाची वखार आहे, तीन पिढ्या. गाठीच्या लाकडावर घाव घातला की पातं आत जात नाही, उडतं किंवा अडकून बसतं आणि झिणझिण्या कोपरापर्यंत येतात. सवयीचा माणूस गाठ बघून ओंडका फिरवतो. हा फिरवत नाही, कारण याच्या डोक्यात राग आहे आणि पोटात काही नाही. एकाच जागी मारत राहतो. नट म्हणून त्याला लाकूड फोडता येत नव्हतं, का दुखी म्हणून येत नव्हतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या वखारीतला जुना मजूर म्हणाला, "शेठ, हा माणूस मरंल." तेव्हा अजून अर्धा सिनेमा बाकी होता.

---

भोंगेवाला (जळगाव) | दुपारी १:१५

रुमाल उचलतो.

माझा धंदा रिक्षावरच्या भोंग्याचा. म्हणजे तो जो आवाज तुमच्या गल्लीत येऊन दुपारची झोप मोडतो, "खुशखबर, खुशखबर", तो मी. घरातल्या मागच्या खोलीत भिंतीला गाद्या लावल्यात, वर अंड्यांचे ट्रे, आणि मेथीची जुडी फोडायला बायको त्या खोलीत आली की रेकॉर्डिंग बंद. तेव्हा आवाजाबद्दल मी बोलणारच.

माझी भूमिका: बघीरा. २०१६चा 'द जंगल बुक', हिंदी.

डबिंग सोपं वाटतं, पण कानात मूळ इंग्रजी चालू असतं, समोर चित्र असतं, आणि जिथं त्या जनावराचे ओठ मिटतात तिथं तुमच्या वाक्यात प, ब, म असलं काहीतरी यावं लागतं, नाहीतर प्रेक्षकाला कुठंतरी खटकतं. वाक्य त्याच्याबरोबर सुरू, त्याच्याबरोबर संपवायचं. इंग्रजीत क्रियापद आधी येऊन जातं, हिंदीत शेवटी, त्यामुळे जोर नेमका उलट्या जागी पडतो. आणि सगळ्यात अवघड म्हणजे श्वास. नवशिके वाक्य बरोबर म्हणतात आणि श्वास आपला घेतात. चित्रातला प्राणी पळून आलेला आणि आवाज खुर्चीत बसलेला, असं होतं. ओम पुरीचा बघीरा ऐका. मोगलीला रागावताना वाक्याआधी तो अर्धा श्वास घेतो आणि सोडून देतो, मग बोलतो. "जाऊ दे, किती वेळा सांगू तुला" हे त्या श्वासातच आलेलं असतं. तेव्हा त्याचं वय पासष्ट होतं. जनावराचा म्हणून गुरगुरता आवाज लावलेला नाही. गुरगुरायला शेजारी नाना पाटेकर होतेच, शेरखानच्या पोटात.

मजा बघा, त्या सिनेमात अस्वलाला पंजाबी लहेजा आहे आणि तो लावलाय जयपूरकडच्या इरफाननं. अंबाल्यात जन्मलेला, पंजाबीच मातृभाषा असलेला ओम पुरी मात्र शेजारी स्वच्छ हिंदी बोलतोय.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी रुमाल टाकला होता. मूळ इंग्रजीत बघीराचा आवाज कोणाचा? बेन किंग्जली. म्हणजे १९८२च्या 'गांधी'तले गांधी. आणि त्या 'गांधी'त कलकत्त्याच्या उपोषणाच्या वेळी खाटेजवळ येऊन रोटी अंगावर फेकणारा, हातून लहान मूल मारलं गेल्याचं सांगणारा तो पिसाटलेला नहारी कोण? ओम पुरी. दोन-तीन मिनिटांचा प्रसंग, पण 'गांधी' म्हटलं की मला दांडीच्या आधी तो आठवतो. तेव्हा एक खाटेवर आणि एक उभा. चौतीस वर्षांनी दोघं एकाच काळ्या बिबट्याच्या घशात. स्टुडिओत कानाला हेडफोन लावून किंग्जलीचं वाक्य ऐकताना याला ती रोटी आठवली असेल का, हे मला फार विचारावंसं वाटतं. सिनेमा एप्रिल २०१६ला आला आणि ६ जानेवारी २०१७ला ओम पुरी गेला.

---

दुधात_साखर | दुपारी २:०३

भोंगेवाले दादा, माहिती छान, पण डबिंग ही भूमिका कशी धरायची? चेहरा दुसऱ्याचा (तोही संगणकाचा), अंग दुसऱ्याचं, वेळ दुसऱ्यानं ठरवलेली. हे म्हणजे तयार कुंकवाच्या साच्यावर बोट दाबण्यासारखं झालं. ज्याचा चेहराच एवढा बोलका, देवीचे व्रण असलेला, हिंदी सिनेमात नायक म्हणून चालणार नाही असं ज्या चेहऱ्याबद्दल म्हटलं गेलं, तो काढून टाकला तर ओम पुरीत उरलं काय?

---

आबांची_नात (अमळनेर) | दुपारी २:४०

माझ्या आबांना चेहरा दिसतच नव्हता.

---

दुधात_साखर | दुपारी २:४४

हे बाकी खरं. पण तरी माझं मत कायम. माझी निवड 'ईस्ट इज ईस्ट'मधला जॉर्ज खान. इंग्लंडात मासे-बटाट्याचं दुकान चालवणारा पाकिस्तानी बाप, इंग्रज बायको, ऐकत नसलेली पोरं. हसवता हसवता हात उगारतो आणि मग हसणाऱ्यालाच लाज वाटते. बाफ्टाचं नामांकन होतं त्याला. तो फक्त आवाजावर होणारच नाही. बायकोपुढं उभं राहताना त्याचे खांदे बघा.

---

भोंगेवाला (जळगाव) | दुपारी ३:१०

खांदे मान्य. पण भाऊ, साच्यावर बोट मी रोज दाबतो. बघीरासारखं एकदाही उठलेलं नाही.

---

सातपुडा_मास्तर (धडगाव) | संध्याकाळी ६:५५

दिवसभर रेंज नव्हती, आता टेकडीवर येऊन वाचतोय. बघीराला माझ्या शाळेची अठ्ठावीस मतं.

आमची जिल्हा परिषदेची शाळा, मुलं घरी पावरी बोलणारी. मराठीच त्यांना दुसरी भाषा, हिंदी तिसरी. दोन वर्षांपूर्वी प्रोजेक्टर आला. पहिला सिनेमा म्हणून हाच लावला, खिडक्यांना घोंगड्या बांधून. मला वाटलं पोरं हरखून जातील. पोरांनी चुका काढल्या. एवढा पळतो तर काटा कसा रुतत नाही? एक जण म्हणाला, बिबट्या काळा नसतोच, आमची शेळी नेली तो ठिपक्यांचा होता. शेरखान बोलायला लागला तर हसले, कारण वाघ आला की तो बोलत नाही, कुत्री गप्प होतात, त्यावरून कळतं.

पण बघीरा बोलला की गप्प. हिंदी अर्धी कळत होती, अर्धी नाही. मधल्या सुट्टीत विचारलं, कोण आवडला? सगळे म्हणाले, तो काळा. का? एक मुलगी म्हणाली, "तो ओरडतो पण मारत नाही." मास्तर म्हणून मला जरा लागलंच.

नंतर मोबाइलवर ओम पुरीचा फोटो दाखवला. हा बोलतोय म्हटलं. बराच वेळ बघितलं आणि निकाल आला: "हा तर बाजारात बैल विकणाऱ्यासारखा दिसतो." पुढचे आठ दिवस शाळेमागच्या पाण्याच्या रिकाम्या टाकीत डोकं घालून बघीराचा आवाज काढणं चालू होतं. टाकीत घुमतो ना. एकाला बऱ्यापैकी जमला. दुधात_साखर यांनी त्याला येऊन सांगावं की ही भूमिका नाही.

---

दुधात_साखर | संध्याकाळी ७:०१

मास्तर, मी हरलो. टाकीपुढं काय बोलणार.

---

चाळीसगावकर | संध्याकाळी ७:२०

'मकबूल'मधल्या कुंडली मांडणाऱ्या दोन पोलिसांपैकी एक, 'चाची ४२०'चा बनवारीलाल, 'हेराफेरी'चा खडकसिंग, यांना कोणीच वाली नाही का? (यादी नाही, विचारणा आहे. शेवभाजी मागू नये.)

---

पथारीवाला (नंदुरबार) | रात्री ८:४५

एवढा वेळ वाट बघितली, कोणीतरी 'मिर्च मसाला' म्हणेल. शिरपूरवाले भाऊ, तुम्ही तरी!

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे दिवाळीनंतर नंदुरबारच्या आसपास शेतंच्या शेतं लाल दिसतात. ते पीक नाही, ती पथारी. व्यापारी ओली लाल मिरची विकत घेतो, मोकळ्या रानात पसरून वाळवतो, आणि बाया तिथं बसून उलथापालथ करतात, खराब वेचतात, देठ खुडतात. माझी माय बावीस वर्षं पथारीवर होती. नाकातोंडाला फडकं, बोटांना चिंध्या. घरी आल्यावर हात आधी गुळाच्या पाण्यात, मग तेलात, तरी रात्री आम्हाला जवळ घेताना ती हात मागे ठेवायची. आम्ही तिच्या कुशीत आणि तिचे हात तिच्या पाठीमागे. मला वाटायचं सगळ्याच आया असंच जवळ घेतात.

'मिर्च मसाला' केतन मेहतांचा, गुजरातेतल्या गावात घडतो, इंग्रजांच्या काळात. सुभेदार (नसीर) सोनबाईच्या मागे लागतो, ती त्याच्या थोबाडीत मारते आणि पळत मिरची कांडायच्या कारखान्यात शिरते. सोनबाई स्मिता पाटील. १९८७ला सिनेमा आला तेव्हा ती जाऊन दोन महिने झाले होते. आणि कारखान्याच्या फाटकावर म्हातारा चौकीदार, अबू मियाँ. ओम पुरी. तेव्हा खरं वय छत्तीसच्या आत. पांढरी दाढी तर कोणीही लावेल, पण फाटकाची आगळ सरकवताना याचे गुडघे म्हातारे आहेत.

तो ती आगळ लावतो आणि मग उघडत नाही. मालक येतो, मुखिया येतो, गावातले मोठमोठे येतात. सगळे म्हणतात एका बाईसाठी गाव जळेल. पगार मालक देतो, फाटक मालकाचं, आणि हा म्हणतो नाही. सगळ्या गावात बाप्या माणूस म्हणावा असा हा एकच निघतो, आणि तो ना त्या बायांच्या जातीचा, ना धर्माचा. चुनीलाल मडियांच्या ज्या गुजराती कथेवरून हे घेतलंय तिचं नावच 'अभु मकराणी'. म्हणजे मूळ गोष्ट चौकीदाराची! सिनेमात ती बायांची झाली आणि ते बरोबरच झालं, पण फाटकावर उभा राहताना ओम पुरी गोष्ट आपलीच असल्यासारखा उभा राहतो. शेवटी सुभेदाराचे शिपाई फाटक तोडतात आणि त्याला गोळी लागते.

मायनं हा सिनेमा पाहिलेला नाही. धागा वाचून ठरवलंय, उद्या दाखवतो.

---

तापीकाठचा (शिरपूर) | रात्री ९:०५

भाऊ, कान पकडले. मायनं काय म्हटलं ते नक्की लिहा.

---

पथारीवाला (नंदुरबार) | २० ऑक्टोबर, रात्री १०:३०

दाखवला. पूर्ण नाही, सांगतो.

माय तुरीच्या शेंगा घेऊन बसली. पहिली दहा मिनिटं सिनेमा नापास. "इतली मिरची उघडी पडेल शे अन् एक बी बाई खोकत नही?" मग कांडपाचा प्रसंग आला तेव्हा म्हणाली, तोंडाला फडकं कुठाय, या बाया संध्याकाळपर्यंत मरतील. सोनबाईनं सुभेदाराला मारली तेव्हा काही बोलली नाही, शेंग दाताखाली फोडली फक्त.

अबू मियाँनं आगळ घातली तिथं शेंगा सोलणं थांबलं. मला म्हणाली, पथारीवर आमचा पण एक असाच राखणदार होता. त्याचं नाव घेतलं, ते इथं लिहीत नाही. एकदा व्यापाऱ्याचा कोणी पाहुणा संध्याकाळी मोटरसायकलवर आला आणि बायांच्या झोपड्यांकडं वळायला लागला, तर म्हातारा वाटेत खाट टाकून तिच्यावर आडवा झाला. काही बोलला नाही. नुसता आडवा. पाहुणा परत गेला. बावीस वर्षांत हे मायनं घरात कधी सांगितलं नव्हतं.

मग विचारलं, "हाऊ कोठला शे?" म्हटलं अंबाल्याचा, तिकडे पंजाबच्या बाजूचा. म्हणे, "मंग आपला राखणदारना मायक कसा बोलस?" (म्हणजे आपल्या राखणदारासारखा.)

मुखिया फाटकाशी येऊन समजावत होता तेवढ्यात वीज गेली. अर्धा तास वाट बघितली, आली नाही. माय शेंगांचं टोपलं उचलून उठली आणि अंधारात म्हणाली, "बरं व्हयनं. आजून फाटक लागेलच शे."

वीज आता आलीय. माय झोपलीय. पुढचं दाखवू का नको, सांगा.

---

खाकीची_लेक (धुळे) | रात्री १०:४१

नका दाखवू.

---

आबांची_नात (अमळनेर) | रात्री १०:४३

दाखवा. शेवटी मसाला कोण कोणाच्या डोळ्यांत टाकतं ते तिनं बघायलाच पाहिजे.

---

पथारीवाला (नंदुरबार) | २१ ऑक्टोबर, पहाटे ५:५०

माय उठली. चुलीवर पाणी ठेवलं आणि विचारतेय, तो म्हातारा अजून फाटकावरच आहे का. लावतो.